पियानोचा स्टँड : एक उपेक्षित बाब

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरीं डिजिटल पियानो आला आहे. ही गोष्ट आनंदाची आहे. ज्या घरांत खऱ्या पियानोस जागा नाहीं, त्याचे सूर वरचेवर जुळवून घेण्याची सोय नाहीं आणि शेजाऱ्यांच्या झोपेचाही विचार करावा लागतो, त्या घरांत हें वाद्य मोठ्या उपयोगाचें आहे. तें विकत घेण्यापूर्वीं पालक आमच्याकडे येतात व नाना प्रश्न विचारतात. पट्ट्या किती असाव्या, त्या जड असाव्या कीं हलक्या, कोणत्या कंपनीचा आवाज गोड, वापरलेलें घ्यावें कीं नवें घ्यावें. परंतु हें वाद्य ठेवावयाचें कशावर, असा प्रश्न आजवर एकाही पालकानें आपण होऊन आम्हांस विचारलेला नाहीं. दुकानांत सर्व व्यवहार ठरल्यावर बिल लिहितांना दुकानदार म्हणतो, "स्टँड देऊं ना?" पालक विचारतात, "स्वस्तांतला कोणता?" आणि तेवढ्यावर तो विषय संपतो.

आमचें म्हणणें असें कीं, स्टँड ही वाद्यावर मिळणारी वरकड वस्तु नव्हे, तो वाद्याचाच भाग आहे. दोहोंना मिळून पैसे अपुरे पडत असतील तर वाद्य एक पायरी खालचें घ्यावें, पण डळमळीत स्टँड घेऊं नये. हें आम्ही कांहीं मोठ्या अधिकारानें सांगत नाहीं. आमच्या हातून एक चूक घडली, तिनें हें आम्हांस शिकविलें. ती हकीकत आधीं सांगावी हें बरें.

सातवींतील एका मुलीचे वडील वाद्याविषयीं सल्ला विचारावयास आले होते. पैशाची ओढाताण त्यांच्या बोलण्यांत स्पष्ट दिसत होती. बोलण्याच्या ओघांत आम्हीच म्हणालों, "स्टँड कोणताही चालेल, सगळे पैसे वाद्यांत घाला." त्यांनीं तसेंच केलें. वाद्य चांगलें घेतलें, तें हप्त्यांनीं. आणि त्याखालीं सर्वांत स्वस्त असा घडीचा, कात्रीसारखा उघडणारा स्टँड घेतला. पुढें सहा महिने ती मुलगी नियमानें वर्गास येत होती. तिचें बोटांचें काम स्वच्छ होतें, ताल पक्का होता. परंतु जोरानें वाजवावयाची जागा आली कीं तिचे हात आंखडत. शाळेंतील मोठ्या पियानोवरही ती असें वाजवी, जणूं शेजारच्या खोलींत कोणी आजारी निजलें आहे. आम्हीं तिच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलें, "हातांत जोर नाहीं. भिडस्तपणा सोडावा." तें वाक्य आज आम्हांस खोडतां आलें तर आम्ही आनंदानें खोडूं.

नाताळच्या दिवसांत कॅरोल गाणाऱ्या मुलांबरोबर आम्ही तिच्या घरीं गेलों. साथ तिनेंच करावी असें ठरलें. पहिल्या कडव्याच्या शेवटीं मुलांचा आवाज चढला, तिनेंही सहज भरांत येऊन दोन्ही हातांनीं मोठा स्वरमेळ दाबला, आणि वाद्याचें डावें टोंक चार बोटें खालीं गेलें. पुस्तक घसरून जमिनीवर पडलें. तिनें चटकन् हात काढून घेतले व पहिल्यानें पाहिलें तें आपल्या वडिलांकडे. मागाहून जिन्यांत आमच्याबरोबर उतरतांना तिनें सांगितलें कीं, वाद्य घरीं आलें त्याच आठवड्यांत एकदां तें स्टँडच्या दांड्यावरून घसरलें होतें. तिनें तें गुडघ्यावर झेललें व कोणाला सांगितलें नाहीं, कारण हप्ते अजून फिटावयाचे होते. "सर, जोरांत वाजवलं तर पडेल ना," असें ती म्हणाली. सहा महिने ती मुलगी आपल्या वडिलांचे पैसे सांभाळून वाजवीत होती, आणि आम्ही तिला भिडस्त म्हणत होतों.

वाद्य कशावर ठेवावें याचा विचार आपल्या अंगवळणीं कां पडलेला नाहीं, याचें कारण उघड आहे. आपल्याकडील पेटी जमिनीवर ठेवून मांडी घालून वाजवावयाची. तिचा स्टँड म्हणजे धरणीमाता. संगीत नाटकांतील ऑर्गनला स्वतःचें लांकडी धूड व पायाखालचे भाते होते. खऱ्या पियानोचीही तीच गोष्ट. इटलींत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें १७०० सालच्या सुमारास पियानो तयार केला, तेव्हांपासून सुमारें तीनशें वर्षें वाद्य आणि त्याचे पाय हीं एकत्रच येत असत. भिंतीशीं उभा राहणारा साधा पियानोदेखील बहुधा दोनशें किलोंहून अधिक भरतो, आणि सभागृहांतील मोठा ग्रँड साडेचारशें-पांचशें किलोंच्या घरांत जातो. एवढ्या वजनापुढें वाजविणाऱ्याच्या हाताच्या जोराची काय कथा! शिवाय ग्रँडला पाय तीनच असतात, आणि तीन पायांची वस्तु ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाहीं. भूमितीच्या वर्गांत ज्यांचें लक्ष असेल त्यांनीं याचें कारण शोधून काढावें.

डिजिटल पियानोनें हें सर्व बदललें. यामाहाचा पी-२२५ हा ८८ पट्ट्यांचा पियानो साडेअकरा किलोंचा आहे. रोलंडचा एफपी-३०एक्स सुमारें पंधरा किलोंचा. एका माणसानें उचलून जिना चढावा इतकें हें हलकें, आणि तोच त्याचा मोठा गुण. परंतु पट्ट्या मात्र खऱ्या पियानोप्रमाणें जड ठेवलेल्या असतात, कारण त्याखेरीज बोटांस वळण लागत नाहीं. म्हणजे वाजविणाऱ्यानें हाताचें वजन टाकावयाचें तें तेवढेंच, आणि तें सोसणारें अंग मात्र एका मोठ्या सुटकेसएवढ्या वजनाचें. ही तफावत भरून काढणें हें स्टँडचें काम आहे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं ती ही कीं, हाताचा जोर केवळ खालच्या दिशेनें नसतो. हात डावीकडून उजवीकडे धांवतात, स्वरमेळ दाबतांना अंग पुढें झुकतें, पाय पेडल दाबतो. वाद्यास आडवे हिसके सारखे बसत असतात. पंधरा किलोंचें ओझें पेलणारा स्टँड बाजारांत कोणताही मिळेल; आडवा हिसका सोसणारा स्टँड निवडून घ्यावा लागतो.

आतां त्या कात्रीच्या स्टँडकडे पाहूं. इंग्रजी 'एक्स' अक्षराप्रमाणें दोन दांड्या मध्यें एका खिळीवर जोडलेल्या असतात. दांड्यांची लांबी कायम असल्यामुळें स्टँड जसजसा उंच करावा तसतसे वरचे दोन्ही आधार एकमेकांजवळ येतात, आणि खालचे पायही त्याच प्रमाणांत जवळ येतात. म्हणजे उंची वाढली कीं वर व खालीं दोन्हीकडे बूड अरुंद झालें. ८८ पट्ट्यांचें वाद्य सुमारें १३२ सेंटिमीटर लांब असतें. वरचे आधार ६० सेंटिमीटर अंतरावर आहेत असें धरलें तर प्रत्येक बाजूस ३६ सेंटिमीटर भाग नुसता अधांतरीं राहतो. डावीकडील खर्जाच्या पट्ट्या सगळ्या त्या अधांतरीं भागांतच येतात, आणि पियानोवादनांत जोर पुष्कळदां तेथेंच द्यावा लागतो. त्या मुलीच्या घरीं डावें टोंक कां खालीं गेलें याचा उलगडा येथें होतो. बरें, स्टँड खालीं घेऊन आधार रुंद करावा, तर कात्रीच्या दांड्या वाजविणाऱ्याच्या गुडघ्यांवर येतात. मग मूल खुर्ची मागें सरकवून हात लांब करून वाजवूं लागतें व पाठीला पोंक येतो. दोन दांड्यांऐवजीं जोडदांड्यांचा स्टँड मिळतो, तो पुष्कळ बरा. पण आधारांतील अंतराचा व गुडघ्यांचा दोष त्यांतही आहेच.

कोणी म्हणेल, मोठमोठे वादक रंगमंचावर हाच स्टँड वापरतात. वापरतात, आणि योग्यच करतात. त्यांना रात्रीं कार्यक्रम संपवून सर्व सामान गाडींत घालावयाचें असतें. वाद्यही पुष्कळदां ६१ हलक्या पट्ट्यांचें, लांबीला कमी असतें. आमच्या शाळेचा गायकवृंद बाहेर जातो तेव्हां आम्हीही तोच नेतों. छत्री ही प्रवासांत उत्तम वस्तु आहे, म्हणून घरावर छपराऐवजीं छत्री कोणी उभारीत नाहीं.

घरासाठीं दोन प्रकार आम्हांस पसंत आहेत. पहिला, कंपनीनें त्या त्या वाद्यासाठींच बनविलेला लांकडी स्टँड. पी-२२५ साठीं यामाहा एल-२०० या नांवाचा देते, एफपी-३०एक्स साठीं रोलंडचा केएससी-७० आहे. यांत वाद्य स्टँडला स्क्रूनें आवळतां येतें, त्यामुळें तें घसरूं शकत नाहीं, आणि दोन बाजूंच्या फळ्यांना जोडणारी एक आडवी फळी पाठीमागें असते. ही पाठीमागची फळी म्हणजे सर्व मर्म आहे. चार काठ्यांची चौकट खिळ्यांनीं जोडून एका कोंपऱ्यावर ढकलून पाहा. तिचा समांतरभुज चौकोन होईल. तिलाच एक तिरपी काठी ठोका, म्हणजे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण मोडल्यावांचून वांकत नाहीं. पाठीची फळी तेंच काम करते. जोडणी करतांना "ही मागची फळी कशाला, दिसत तर नाहीं" असें म्हणून ती काढून ठेवणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

दुसरा प्रकार 'झेड' अक्षराच्या आकाराचा लोखंडी स्टँड. याच्या दोन बाजू दूरदूर असतात, मध्यें आडव्या दांड्या असतात, गुडघ्यांपुढें जागा मोकळी राहते व उंची कमीजास्त करतां येते. भावंडें वेगवेगळ्या उंचीचीं असतील त्या घरांत हा सोयीचा. याच्या बोल्टांना मात्र अधूनमधून पाना लावावा लागतो.

आणि तिसरा एक प्रकार आहे, तो कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. तो म्हणजे आपल्या गल्लींतील सुतार. आमच्या मतें पुष्कळ घरांना हाच मार्ग सर्वांत चांगला. पण सुताराकडे जाण्यापूर्वीं माप नीट घ्यावें, कारण येथें सर्वत्र एकच चूक होते. घरांत असलेलें जेवणाचें किंवा अभ्यासाचें टेबल साधारण ३० इंच उंच असतें. त्यावर वाद्य ठेवलें कीं पट्ट्यांची उंची ३४ इंचांवर जाते. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून सुमारें २८ ते २९ इंचांवर असतात. हा पांच-सहा इंचांचा फरक ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु त्या उंचीवर मुलाचे खांदे कानांपाशीं चढतात, मनगटें खालीं लोंबतात आणि अर्ध्या तासांत मान दुखूं लागते. दुखतें म्हणून मूल उठतें, आणि घरचीं माणसें म्हणतात, याला गोडीच नाहीं. सबब टेबल सुमारें २४ इंच उंच असावें. वाद्याची स्वतःची जाडी पट्ट्यांपर्यंत मोजून ती २८॥ इंचांतून वजा करावी, म्हणजे नेमका आंकडा मिळेल. लांबी वाद्यापेक्षां दोन इंच अधिक. रुंदी पंधरा-सोळा इंच पुरे. पुढच्या बाजूस खण किंवा आडवी पट्टी मुळींच नको, कारण तेथें गुडघे यावयाचे. पाठीमागें मात्र आठ-दहा इंच रुंदीची फळी, दोन्ही पायांस पक्की स्क्रूनें बसविलेली, नुसती खिळ्यानें ठोकलेली नव्हे. वरच्या फळीच्या पुढील कडेस अर्ध्या इंचाची पट्टी ठोकली तर वाद्य कधींही पुढें घसरणार नाहीं. सागवान परवडत नसेल तर जाड प्लायवुड चालेल.

शिवणाच्या मशीनच्या जुन्या टेबलावर पियानो ठेवलेलाही आम्हीं एका घरीं पाहिला. मजबूत होता, यांत शंका नाहीं. परंतु खालीं पायटा असल्यामुळें पेडलास जागा नव्हती आणि मुलगा सवयीनें पायटाच हलवीत होता.

बसावयाच्या आसनाविषयीं फार लिहीत नाहीं. प्लॅस्टिकची खुर्ची मागें लवते, ती टाळावी. हात नसलेलें, सुमारें १९ इंच उंचीचें बांक चालेल. लहान मुलाच्या पायांखालीं पाट द्यावा, पाय लोंबकळत ठेवूं नयेत.

आपल्या हवेची व जमिनीची गोष्ट मात्र निराळी सांगितली पाहिजे, कारण परदेशीं छापलेल्या माहितीपत्रकांत ती नसते. बाजारी लांकडी स्टँड पुष्कळदां अखंड लांकडाचे नसून भुशाच्या दाबलेल्या फळीचे असतात. अशा फळीच्या खालच्या कडेस पाणी लागलें कीं ती फुगते, आणि एकदां फुगलेली फळी पुन्हां पूर्ववत् होत नाहीं. तींतील स्क्रूही मग धरत नाहींत. आमच्या घरांत फरशी रोज ओल्या फडक्यानें पुसली जाते. मुंबईंत, कोंकणांत आणि गोव्यांत पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली. तेव्हां पायांखालीं रबराच्या जाड चकत्या लावून स्टँड जमिनीपासून थोडा उचलून धरावा, आणि दसऱ्याच्या सुमारास, जेव्हां इतर हत्यारांची पूजा होते तेव्हां, पाना घेऊन स्टँडचे सर्व स्क्रू एकदां आवळावे. शहाबादी फरशीच्या घरांत चारही पाय टेकत नाहींत. तेथें कागदाच्या घड्या कोंबण्याऐवजीं स्क्रूनें कमीजास्त होणारे पाय बसवून घ्यावे, फार खर्च येत नाहीं.

याच रबराच्या चकत्यांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो शेजारधर्माचा. कानांस हेडफोन लावून मूल वाजवूं लागलें कीं घरच्यांस वाटतें, आतां कोणास त्रास नाहीं. परंतु जड पट्ट्यांच्या खालीं पडण्याचे ठोके स्टँडच्या पायांतून जमिनींत उतरतात व खालच्या मजल्यावर टक् टक् असे ऐकूं जातात. स्टँड डळमळीत असेल तर ते अधिकच. खालच्या मजल्यावरचें बिऱ्हाड वर येऊन भांडण्यापूर्वीं हा उपाय करावा.

दुकानांत स्टँड पारखावयाचा कसा? वाद्य त्यावर ठेवावयास सांगावें. नुसता स्टँड पाहून कांहींच कळत नाहीं. मग वाद्याच्या दोन्ही टोंकांवर आळीपाळीनें तळहात ठेवून भार द्यावा. दुसरें टोंक उचललें जातां कामा नये. नंतर एका बाजूनें एकाच बोटानें आडवें ढकलावें व सोडावें. वाद्य हलून पुन्हां जागीं येण्यास वेळ लागला तर तो स्टँड नको. शेवटीं संगीताचें पुस्तक समोर उघडून मुलाला आपल्या सर्व जोरानें वाजवूं द्यावें, आणि त्या वेळीं मुलाकडे न पाहतां पुस्तकाच्या पानाकडे पाहावें. पान थरथरत असेल तर वाचणाऱ्याचे डोळेही त्याबरोबर थरथरणार. दुकानदार कंटाळेल. कंटाळूं द्या, चाळीस-पन्नास हजारांचें वाद्य त्याच दुकानांतून घेतलें आहे.

एक आक्षेप मात्र आम्हांस गंभीरपणें घ्यावा लागतो, कारण तो कष्टानें वर आलेल्या पालकांकडून येतो. ते म्हणतात, "आमच्या वेळीं रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास केला, मुलांना एवढे लाड कशाला? अडचणींतूनच माणूस तयार होतो." त्यांच्या अनुभवाबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु रस्त्यावरचा दिवा मंद असला तरी अक्षरें खोटीं दाखवीत नाहीं. डळमळता स्टँड हातांस खोटें शिकवितो. जोर दिला कीं जमीन सरकते, हें एकदां शरीरानें शिकलें कीं तें बुद्धीला विचारीत नाहीं. पुढें उत्तम पियानो समोर आला तरी हात आंखडतातच. जुनें वाद्य, कमी आवाजांचें वाद्य, दुसऱ्याचें उसनें वाद्य, या अडचणी खऱ्या आणि त्यांतून मुलें शिकतात. ही अडचण त्या जातीची नाहीं. वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आमच्या वाचकांस पाठ आहे. तो येथें लावण्याचा मोह आम्ही आवरतों, कारण त्या दृष्टांतांत घर बांधणारा मूर्ख होता, आणि आमच्या पालकांत मूर्ख कोणी नाहीं. त्यांना सल्ला देणाऱ्यांचें तसें म्हणतां येत नाहीं.

त्या मुलीच्या घरीं आतां सुतारानें केलेलें टेबल आहे. त्याचा खर्च आम्हीं द्यावा असें आम्हीं सुचविलें, तें तिच्या वडिलांनीं नाकारलें. मग पाठीमागच्या फळीचे स्क्रू तरी आम्हांस आवळूं द्यावे, एवढें त्यांनीं मान्य केलें. त्या संध्याकाळीं ती कॅरोल तिनें पुन्हां वाजविली. पहिल्या खेपेस हात आंखडलेच. दुसऱ्या खेपेसही. जोर यावयास तिला पुढें जवळजवळ एक सत्र लागलें.

त्या टेबलाचीं मापें एका कागदावर आंखून संगीताच्या वर्गांत भिंतीवर लाविलीं आहेत. शनिवारीं शाळा सुटल्यावर पालकांनीं येऊन तीं उतरून घ्यावीं. येतांना आपल्या वाद्याची लांबी व जाडी मात्र मोजून आणावी.